अर्धा वस्तरा कारखान्यात, अर्धा हातात
(पन्हाळ्यावरील पावसाळी व्याख्यानमालेत झालेले व्याख्यान)



बाहेर विषयाची पाटी लागल्यापासून मला सगळे एकच विचारताहेत: पन्हाळ्यावर स्वीडनच्या वस्तऱ्याचं काय काम? उत्तर गडाच्या पायथ्याशी आहे. १६६० चा सिद्दी जौहरचा वेढा, ती पावसाळी रात्र, पावनखिंड हे तुमच्या पोराबाळांनाही पाठ आहे, ते मी सांगत बसत नाही. मी फक्त नेबापूरकडे बोट दाखवतो. शिवाजी महाराजांचा वेश घेऊन पालखीत बसलेले तिथले शिवा काशीद न्हावी होते. न्हावी समाजातल्याच जिवा महालांचंही नाव तुमच्या तोंडी आहेच. या दोघांच्या धोपटीत रोज असायचं ते हत्यार मात्र आपल्या इतिहासात कुठेच नाही. मी आज त्या हत्याराबद्दल बोलणार आहे.

पन्हाळ्याला वेढा पडला त्याच काळात स्वीडनमध्ये एस्किलस्टूना नावाच्या गावी लोहारशाळा उभ्या राहत होत्या. राजा दहावा कार्ल गुस्ताव याने रीगाच्या राइनहोल्ड राडेमाखरला तिथे बोलावून घेतलं होतं. त्या भट्ट्यांतल्या काही आजही जपून ठेवल्या आहेत. चाकू, कात्र्या, कुलपं करता करता ते गाव एकोणिसाव्या शतकात वस्तऱ्यांसाठी जगभर नावाजलं.

कारण पोलादात आहे. स्वीडनच्या दान्नेमोरा खाणीच्या खनिजात फॉस्फरस फार कमी. ते वितळवायचे लाकडी कोळशावर, त्यामुळे दगडी कोळशातला गंधक लोखंडात उतरत नसे. फॉस्फरस आणि गंधक, दोन्ही पोलादाला ठिसूळ करतात, आणि वस्तऱ्याची धार इतकी पातळ की ठिसूळपणा तिला जराही चालत नाही. शेफील्डच्या बेंजामिन हंट्समनने १७४० च्या दशकात मुशीत पोलाद वितळवण्याची रीत बसवली. त्यानंतर शेफील्डचे कारागीर उत्तम पोलादासाठी स्वीडनचंच लोखंड मागवत राहिले. म्हणजे ज्या विलायती वस्तऱ्यांचं आपल्या आजोबांना कौतुक होतं, त्यातल्या कितीतरींच्या अंगात स्वीडनच होता.

आता हे वस्तरे करणारे. हेल्येस्ट्रांड घ्या. त्यांच्या पात्यावर क्रमांक असतो, मूठ बऱ्याचदा हस्तिदंती. एरिक अंटोन बेर्गच्या मालावर शार्क माशाचा छाप. सुतारांना त्याच्या पटाशा आजही हव्या असतात. एंगस्ट्रॉमच्या वस्तऱ्यांवर १८७४ हे साल वाचायला मिळतं. त्याची खुबी अशी की पातं पातळ, सपाट पट्टीचं, आणि पाठीला धातूची वेगळी चौकट. झोलिंगेनवाले जर्मन कारागीर पात्याच्या दोन्ही बाजू चाकावर खोलगट घासून जो पातळपणा आणत, तो याने जोडणीतून साधला. झोलिंगेनवर वेगळं व्याख्यान होईल, आज ते राहू दे.

(मागून: "आणि आमच्या लोहारांचा छाप?" टाळ्या.)

बरोबर विचारलंत. मी आपल्या माणसांकडेच निघालो होतो, फक्त लोहाराकडे नाही, न्हाव्याकडे.

वारणेच्या काठच्या एका गावात मी एका म्हाताऱ्या न्हाव्याकडे बसलो होतो. सगळे त्यांना तात्या म्हणत. त्यांनी धोपटी उघडली: नराणी, कात्री, तुरटी, पाण्याची वाटी, आणि एस्किलस्टूनाचा वस्तरा. कारखानदाराचं नाव बोटांनी घासून गेलेलं, गावाचं तेवढं वाचता येत होतं. असं पातं नवं असताना साधारण पाच अष्टमांश इंच रुंद असतं. तात्यांचं अर्ध्या इंचाच्याही खाली आलेलं. मी विचारलं, "तात्या, धार कुणी लावली?" म्हणाले, "मीच की. दुसरं कोण लावणार?" मग त्यांनी वस्तरा आडवा टेकवून दगडावर फिरवून दाखवला. पाठ आणि धार दोन्ही दगडाला चिकटलेली, पुढे धार. नंतर चामड्याच्या पट्ट्यावर उलटं, पुढे पाठ. वळवताना पाठीवर वळवायचा. धारेवर वळवला की चामडंही कापलं आणि धारही गेली. पाठीच्या जाडीनेच धारेचा कोन ठरतो, आणि दोन्ही एकत्र झिजतात म्हणून तो फारसा बदलत नाही. तात्या वस्तरा स्वतःच्या पोरालाही देत नसत. प्रत्येकाचा दाब वेगळा, दुसऱ्या हाताला ती धार पुन्हा नव्याने बसवावी लागते, असं त्यांचं म्हणणं.

मंडळी, हे नीट ध्यानात घ्या. तात्या ज्या धारेने दाढी करत होते, ती धार एस्किलस्टूनातल्या कुणीही पाहिलेली नव्हती. कारखान्यातून वस्तरा निघाला तेव्हा ते पोलाद पात्याच्या पोटात होतं. वर्षानुवर्षं घासून तात्यांनी ते धारेपर्यंत आणलं. भट्टीने पोलाद दिलं, आकार दिला, पाणी दिलं. धार प्रत्येक पिढीत न्हाव्याने केली. म्हणून वस्तरा करणाऱ्यांच्या यादीत हेल्येस्ट्रांड आणि एंगस्ट्रॉम यांच्याच ओळीत न्हावी आला पाहिजे. हा माझा आग्रह आहे आणि मी तो सोडणार नाही.

(एक चिठ्ठी आली: "वाढवून सांगताय. धार लावणं म्हणजे घडवणं नव्हे.")

वाढवून सांगत नाही. नांगराचा फाळ बोथट झाला तरी माती उकरतो. वस्तऱ्याला धार नसेल तर तो काहीच नाही. आणि धार कुणावर चालवायची, हेही हातच ठरवतो. १८९० मध्ये मुंबईतल्या न्हाव्यांनी सभा घेऊन ठराव केला की विधवांचं केशवपन आम्ही करणार नाही. मागे सत्यशोधक चळवळ होती, नारायण मेघाजी लोखंड्यांचा पुढाकार होता. ज्यांना बलुत्यावर राबणारे म्हणून खालच्या पायरीवर बसवलं, त्यांनी वरच्या पायरीवरच्या घरातला जुलूम आपलं हत्यार मिटून अडवला. पोट ज्या कामावर, तेच काम नाकारणं सोपं नसतं. लोखंड्यांबद्दल मला बरंच...

(अध्यक्ष घड्याळ दाखवतात.)

धुकं उतरलंय आणि कोल्हापूरची गाडी गाठायची आहे, कळलं. जिलेट, अर्धं ब्लेड हे सगळं गाळतो. दोन मिनिटं द्या.

आपल्या भागातल्या धोपट्या भंगारात चालल्या आहेत. स्वीडनच्या एका वस्तऱ्यासाठी शौकीन चांगले पैसे मोजतात, पण तो कुणाच्या हातात होता हे कुणी विचारत नाही. ज्यांच्या घरी जुना वस्तरा असेल त्यांनी उद्या व्याख्यानाआधी तो घेऊन या. गंज विटेने किंवा पॉलिश पेपरने घासू नका, छाप जातो; नुसतं गोडं तेल लावून फडक्यात गुंडाळा. सोबत कागदावर लिहा: आजोबांचं नाव, गाव, कुठल्या घरांचं बलुतं होतं, धार कुणाकडून शिकले. मी छायाचित्रं काढून नोंद करीन आणि वस्तरा ज्याचा त्याला तिथल्या तिथे परत देईन. नेबापूरच्या मंडळींना पहिला मान. कुणाकडे नुसती नराणी किंवा दगड उरला असेल तर तोही आणा.