चिंध्यांचा तारा कितीला?



नाताळ जवळ आला की वसईच्या आमच्या गटात ब्लाउजपिसांच्या चिंध्या, उरलेली लेस, एकटी पडलेली बटणं बाहेर निघतात. पुठ्ठ्याचा पाच कोनी तारा कापायचा, दोन्ही बाजूंनी कापड ताणून बसवायचं, कडेनं लेस टाचायची, मध्ये बटण. ओव्हरलॉकच्या दोऱ्याच्या रिकाम्या कोनाची घंटा होते. ती तर हातोहात खपते.

गिऱ्हाईक म्हणतं, "चिंध्यांचाच तर आहे, दहाला द्या." कापड फुकट म्हणून बाईचे हातही फुकट? एका ताऱ्याला अर्धा तास जातो. तासाला ६० रुपये धरले तरी मजुरीच ३०. दोरा, डिंक, पुठ्ठा वेगळा. 'टाकाऊतून टिकाऊ' हे कौतुक मला म्हणूनच खटकतं. त्यात कापडाचं नाव होतं, शिवणारीचं नाही.

मोबदल्यासाठी घरी केलेलं कामही कामच, हे आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं १९९६ साली १७७ क्रमांकाच्या करारात मान्य केलं. भारतानं त्याला अजून मंजुरी दिलेली नाही.

तोवर आपण एक करू. प्रत्येक ताऱ्याला चिठ्ठी बांधू: वेळ इतका, मजुरी इतकी, सामान इतकं. घासाघीस करणाऱ्यांनी आधी ती वाचावी.