खडकवासल्याच्या वाटेवरची दुखापत

खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचं प्रशिक्षण 3 वर्षांचं. तिथे दुखापत लपवून पोहोचणं शहाणपणाचं नाही. धावण्याचा भार एकदम वाढला, की हाडाची झीज भरून निघण्याआधीच नवी झीज होते आणि नडगीच्या हाडाला बारीक तडा जातो. गुडघ्याच्या फाटलेल्या अस्थिबंधावर शस्त्रक्रिया झाली, तर मैदानात परतायला सहसा किमान 9 महिने थांबायला सांगतात. ‘एवढ्या विश्रांतीनं दम जाईल,’ असं कुणी म्हणेल. पण डॉक्टरांच्या सल्ल्यानं पोहून, सायकल चालवून दम बराचसा टिकवता येतो. ‘सांगितलं तर अपात्र ठरू,’ ही भीतीही खोटी नाही. मात्र लपवलेली दुखापत वैद्यकीय तपासणीत उघड होऊ शकते, प्रशिक्षणात उलटूही शकते. दुखणं थांबलं म्हणजे हाड सांधलंच असं नाही. धावणं आठवड्यागणिक थोडंथोडंच वाढवा.