कास पठार : पर्यटन आणि वहनक्षमता

सातारा शहरापासून सुमारे 25 किलोमीटरवर असलेले कास पठार 2012 मध्ये पश्चिम घाटातील जागतिक वारसास्थळांत समाविष्ट झाले आणि त्यानंतर ऑगस्ट ते ऑक्टोबर या फुलांच्या हंगामात तेथे पर्यटकांची रीघ लागू लागली. येथील जांभ्या खडकावर मातीचा थर इतका पातळ आहे की, छायाचित्रासाठी वाट सोडून आत शिरणाऱ्यांच्या पायांखाली तेरडा, सोनकी आणि सीतेची आसवे यांची रोपे चिरडतातच, शिवाय माती घट्ट होऊन पुढच्या वर्षीच्या बीजांकुरणालाही बाधा येते. एखादे स्थळ कायमची हानी न होता जितक्या माणसांचा वावर सोसू शकते, त्या मर्यादेला वहनक्षमता म्हणतात. तिचे भान ठेवूनच येथे दैनंदिन प्रवेशसंख्येवर मर्यादा, आगाऊ नोंदणी आणि प्रवेशशुल्क या उपायांचा अवलंब झाला असून, वनविभागाच्या सहकार्याने परिसरातील गावांच्या समित्या व्यवस्थापन पाहतात, त्यामुळे स्थानिक तरुणांना मार्गदर्शक व रखवालदार म्हणून हंगामी रोजगार मिळतो. पर्यटकाने खर्चलेला पैसा गावाबाहेर निघून जातो, तेव्हा त्यास उत्पन्नाची गळती म्हणतात; पिठलं-भाकरीचे जेवण आणि घरगुती मुक्काम गावातच मिळाल्यास ही गळती कमी होते. निसर्गसान्निध्याने मनावरील ताण हलका होतो हे खरे असले, तरी वाहनांच्या रांगेत अडकलेल्या प्रवाशाला तो लाभ क्वचितच मिळतो. म्हणून गर्दीवरील नियंत्रण हे फुलांच्या, गावकऱ्यांच्या आणि खुद्द पर्यटकाच्याही हिताचे ठरते.