इसब आणि इयत्ता दहावी

दहावीच्या वर्गातील एखादा मुलगा पहिल्या तासापासून पेंगतो, सदऱ्याची बाही ओढून मनगट झाकतो, कवायतीच्या तासाला काही सबब सांगून बाहेर बसतो, आणि वर्षाअखेरीस ‘अभ्यासात लक्ष नाही’ असा शेरा घेऊन घरी जातो. त्या शेऱ्याचे मूळ कित्येकदा त्याच्या वृत्तीत नसून त्वचेत असते.

इसबाची खाज रात्री बळावते. अंथरुणात अंग तापते, त्वचेतील ओलावा अधिक वेगाने उडतो, दाह शमविणाऱ्या कॉर्टिसॉलचे रक्तातील प्रमाण त्याच वेळी उतरलेले असते, आणि खाजविता खाजविता झोप मोडते. दिवसा वाचलेले स्मृतीत स्थिर व्हावयास निद्रा लागते. तेव्हा तीव्र इसबाच्या विद्यार्थ्याचे गुण परीक्षेच्या दालनात शिरण्यापूर्वीच पुष्कळसे खर्ची पडलेले असतात.

मग इलाजाने अभ्यास सुधारतो काय? ते इलाज कोणता यावर अवलंबून आहे. खाजेवर सर्रास दिली जाणारी क्लोरफेनिरामीनसारखी गुंगीची गोळी इसबाची खाज फारशी थांबवीत नाही. तिची सुस्ती मात्र सकाळच्या गणिताच्या तासापर्यंत रेंगाळते. स्टेरॉइडचे मलम १९५२ पासून वापरात आहे, तरी त्याच्या नावाने पालक दचकतात. आणि गंमत अशी, की दुकानातून मनानेच आणलेले, ज्यात स्टेरॉइड, बुरशीनाशक आणि प्रतिजैविक यांची खिचडी असते असे मलम हीच मंडळी निर्धास्तपणे चोळतात.

मलमांना न जुमानणाऱ्या इसबासाठी सायक्लोस्पोरिन, मेथोट्रेक्सेट ही औषधे रक्ततपासणीच्या देखरेखीखाली देतात. दाहाचे दोन संदेशवाहक, इंटरल्यूकिन चार आणि तेरा, यांचा मार्ग अडविणाऱ्या डुपिलुमॅब या इंजेक्शनास अमेरिकेत २०१९ साली बारा ते सतरा वर्षांच्या मुलांसाठी मंजुरी मिळाली. त्याच्या चाचणीचे मुख्य निकष त्वचेचे होते, प्रगतिपुस्तकाचे नव्हते; परंतु खाज ओसरली, की झोप परतते, आणि झोपेबरोबर अवधानही. किंमत मात्र सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेरची आहे, हे सांगितलेच पाहिजे.

म्हणून पालकांना विनंती, की डॉक्टरांना चट्टे दाखविताना मूल रात्री कितीदा उठते आणि वर्गात पेंगते काय, हेही सांगावे. आणि शिक्षकांनी अशा विद्यार्थ्यास पंख्याखालची जागा व मधल्या वेळेत मलम लावण्याची मुभा, दाखल्याची मागणी न करता, द्यावी.