सतरा सप्टेंबर आणि आपण
(मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनानिमित्त अंकुशनगर येथे विद्यार्थ्यांपुढे केलेले भाषण)



आज सकाळी ध्वजवंदन आटोपल्यावर सातवीतल्या एका मुलाने मला विचारले, "सर, पंधरा ऑगस्टला झेंडा लावला होता ना? मग महिन्याभरात पुन्हा कशाला?" प्रश्न रास्त आहे. त्याच्या पोटात आणखी एक प्रश्न होता, तो त्याने विचारला नाही. हा दिवस आपलाही आहे का, हा तो प्रश्न. त्याच्या वयाचा असताना मीही तो कोणाला विचारला नव्हता. म्हणून आज दोन्हींविषयी बोलतो.

१५ ऑगस्ट १९४७ रोजी देश स्वतंत्र झाला तेव्हा आपला मुलूख निजामाच्या हैद्राबाद संस्थानात होता. अंकुशनगर तेव्हा नव्हते. कारखाना नव्हता, जायकवाडीचा कालवा नव्हता. अंबड आणि जालना हे औरंगाबाद जिल्ह्याचे तालुके होते. त्या दिवशी दिल्लीत तिरंगा चढला. हैद्राबादेत मात्र तो लावणे हा गुन्हा ठरला आणि स्टेट काँग्रेसचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांना त्याच दिवशी अटक झाली. आपण आज दोरी ओढून झेंडा फडकावतो, त्याच दोरीसाठी माणसे तुरुंगात गेली आहेत. सतरा सप्टेंबरला झेंड्याचे एवढे महत्त्व का, हे यातून कळेल.

ही चळवळ एका दिवसात उभी राहिलेली नाही. महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन १९३७ साली आपल्या शेजारच्या परतूरला भरले. १९३८ साली विद्यार्थ्यांनी वंदे मातरम् चळवळ केली. जालन्याचे जनार्दन मामा नागापूरकर हुतात्मा झाले, धोपटेश्वरच्या दगडाबाई शेळके यांनी हाती शस्त्र घेतले. दुसऱ्या बाजूला लातूरचे वकील कासिम रझवी यांची रझाकार संघटना होती. तिने गावे लुटली, जाळली, माणसे मारली. हजारो कुटुंबे सरहद्द ओलांडून सोलापूर-अहमदनगरकडे गेली. हे आपण स्पष्ट बोलले पाहिजे. रझाकार आपल्या धर्माचे नाव घेत होते म्हणून त्यांची भलावण करण्याचे कारण नाही.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौजा संस्थानात शिरल्या. सोलापूरकडून मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांचे रणगाडे निघाले आणि पहिल्याच दिवशी नळदुर्ग पडले. पाच दिवसांत सारे संपले. १७ तारखेला निजामाने युद्धबंदी जाहीर केली आणि दुसऱ्या दिवशी त्याचे सेनापती अल इद्रूस यांनी शरणागती दिली. पंधरा ऑगस्टनंतर तेरा महिन्यांनी आपल्याकडे स्वातंत्र्य आले. दुसऱ्या झेंड्याचा खुलासा हा असा.

गंमत अशी की रणगाडे, विमाने असलेल्या या मोहिमेला नाव मिळाले 'पोलीस ॲक्शन'. हैद्राबादने तक्रार संयुक्त राष्ट्रसंघात नेली होती आणि भारत सरकारचे म्हणणे होते की हा आमचा घरचा मामला आहे. घरच्या मामल्यात युद्ध कसे म्हणायचे! खेड्यापाड्यांत हेच नाव रुळले. जन्मतारीख ठाऊक नसलेली म्हातारी माणसे "पोलीस ॲक्शनच्या साली चालता येत होतं" असा हिशेब सांगत. ज्याच्याविरुद्ध मोहीम झाली तो निजाम १९५० ते १९५६ पर्यंत राजप्रमुख राहिला, तेही सांगून ठेवतो.

नावांचा घोळ अजून मिटलेला नाही. आपण मुक्तिसंग्राम दिन म्हणतो. कर्नाटकात कल्याण कर्नाटक उत्सव होतो. तेलंगणात राज्य सरकारने २०२२ साली राष्ट्रीय एकात्मता दिन पाळला आणि केंद्र सरकारने त्याच दिवशी त्याच शहरात मुक्तिदिन साजरा केला. १६ डिसेंबरच्या विजय दिवसाबद्दल असे होत नाही, कारण १९७१ चे युद्ध परक्या फौजेशी होते. इथे दोन्ही बाजूंची माणसे एकाच गावच्या विहिरीवर पाणी भरत होती.

आता दुसरा प्रश्न. शोएबउल्ला खान हे नाव तुमच्यापैकी किती जणांनी ऐकले आहे? हात वर करा. ...दोन. ते हैद्राबादचे तरुण संपादक होते, 'इमरोज' हे उर्दू दैनिक चालवीत. हैद्राबादने भारतात सामील व्हावे आणि रझाकारांचा जुलूम थांबावा, असे ते उघड लिहीत. ऑगस्ट १९४८ मध्ये रात्री घरी परतताना त्यांच्यावर हल्ला झाला. लिहिणारा हात तोडला गेला, आणि २२ ऑगस्टला त्यांचे निधन झाले. सत्तावीस वर्षांचे वय. मुक्तीला चार आठवडे उरले होते. आमच्या शाळेत मला हे कोणी सांगितले नाही. घरीही कोणी सांगितले नाही.

घरी वेगळेच ऐकले. माझे वडील तेव्हा नऊ वर्षांचे होते, गाव गोदाकाठचे. फौजा पुढे गेल्या आणि मागे जमाव आला. आजोबा शेतमजूर, रझाकारांशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता. गावच्या पाटलांनी आजी आणि चार मुलांना वाड्याच्या बळदात, धान्याच्या अंधारात, तीन रात्री ठेवले आणि स्वतः दारात बाज टाकून बसले. आजोबांना निरोप पोचला नाही. ते परत आले नाहीत. आजी पुढे तीस वर्षे जगली, पण सप्टेंबर आला की गप्प होई.

हे एकट्या माझ्या घरचे नाही. नेहरूंनी १९४८ च्या अखेरीस पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आदींना पाहणीला पाठविले. त्यांच्या अहवालात मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार दिला आहे. उस्मानाबाद (आताचे धाराशिव), नांदेड, बीदर, गुलबर्गा या जिल्ह्यांना सर्वांत अधिक झळ लागली. हा अंदाज आहे, मोजदाद नव्हे, आणि त्यावर वाद आहेत. अहवाल कित्येक वर्षे दडलेलाच होता. त्यात आणखी एक नोंद आहे, ती पाटलांची आठवण देते. कित्येक ठिकाणी हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांना जिवावर उदार होऊन वाचविले, असे समितीने लिहिले आहे.

त्यानंतर आपला समाज कोसळला. सरकारी नोकऱ्या गेल्या, कारभाराची भाषा बदलली, सुशिक्षित कुटुंबे निघून गेली. पुष्कळांनी मुलांना शाळेत घालणेच सोडले. ही मरगळ झटकायला मोठा काळ लागला. औरंगाबादेत डॉ. रफिक झकेरिया यांनी मौलाना आझाद शिक्षण संस्था १९६३ साली काढली, म्हणजे पंधरा वर्षांनी. आपल्यासारख्या संस्था त्याच वाटेने आल्या.

काही पालक या दिवशी मुलांना घरी ठेवतात, हे मला ठाऊक आहे. त्यांचे दुःख मी जाणतो, ते माझ्याही घरचे आहे. तरी मला ते पटत नाही. झेंड्याला यायचे नाही म्हणजे शोएबउल्ला खानांना रझवीच्या पंगतीत बसविणे आहे. आणि जे वक्ते या दिवशी मुसलमानांकडे बोट रोखून बोलतात, तेही नेमके तेच करतात.

माझे वडील दर सतरा सप्टेंबरला झेंड्याला जात आणि परत येताना पाटलांच्या वाड्यावर थांबत. आजोबांचा विषय कधी निघत नसे. चहा होई, पिकापाण्याचे बोलणे होई. आता वाडा पडला आहे, बळदाची एक भिंत तेवढी उभी आहे.

संस्थेला माझी एक विनंती आहे. पुढच्या वर्षी जनार्दन मामांच्या तसबिरीशेजारी शोएबउल्ला खानांची तसबीर ठेवावी. अध्यक्षांनी आताच मान हलवून होकार दिला आहे. तसबीर मिळविण्याचे काम माझ्याकडे, आणि हार करण्याचे काम सातवीच्या वर्गाकडे.