श्रम आणि व्यायाम



मी वैद्य नव्हे, संघटनेचा कार्यकर्ता आहे. तरीही हा विषय मी मागून घेतला. त्याला कारण एक चूक आहे, आणि ती माझी आहे.

वाघोलीच्या एका गोदामात माल बांधणाऱ्या बाई चार वर्षांपूर्वी माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, "भाऊ, सगळं अंग ठणकतंय. झोपून उठले तरी वाटतं, रात्रभर पोतीच वाहिली." रक्त तपासले, क्ष-किरणांचे चित्र काढले, कशातच दोष नाही. मुकादमाने कामचुकार ठरवले. मी तसे बोललो नाही, पण मनात तेच आले, आणि त्यांच्या रजेची तक्रार मी पुढे रेटली नाही. वर्षाने निदान झाले: फायब्रोमायल्जिया. तोवर काम सुटले होते.

हे नाव रूढ झाले 1976 नंतर. यात सांधा झिजत नाही. मज्जासंस्थाच वेदनेची वार्ता वाढवून सांगते. जोडीला थकवा, आणि झोप असून विश्रांती नाही. म्हणून चित्रात काही दिसत नाही. आपल्याच जिल्ह्यात भिगवणला डॉ. अरविंद चोप्रा यांनी 1996 साली सुरू केलेल्या पाहणीत 4 हजारांवर प्रौढ तपासले गेले. शंभरांत सुमारे 18 जणांना हाडा-स्नायूंचे दुखणे होते, आणि त्यांतील पुष्कळांचे दुखणे कोणत्याच ठरीव रोगात बसेना. ते सारे या रोगाचे नव्हेत. पण कागदावर न उमटणारे दुखणे किती आहे, ते यावरून कळावे.

2016 साली युरोपातील संधिवाततज्ज्ञांच्या संघाने या रोगावरचे सारे उपाय तोलून पाहिले. ठाम शिफारस मिळाली ती एकट्या व्यायामाला. हे मी त्या बाईंना सांगितले, तर त्या हसल्या. "दहा-दहा तास उभी राहिले, ती कसरत नव्हती का?"

नव्हती. श्रमात वेग मुकादमाचा असतो, व्यायामात आपला. पोते मध्येच खाली ठेवता येत नाही. चालणे थांबवता येते. या रोगात सारे काही या थांबण्यावर आहे. आरंभी पाचच मिनिटे सपाट रस्त्याने चालावे, बोलता येईल इतक्याच वेगाने. आठवडाभर तेवढेच. मग एक-दोन मिनिटे वाढवावीत. बरे वाटले त्या दिवशी दुप्पट चालण्याचा मोह होतो, आणि पुढचे तीन दिवस अंथरुणात जातात. तो मोह आवरावा. दुखणे उसळले तर निम्मे चालावे, पण सोडू नये. पहिले काही दिवस ठणका थोडा वाढतो. गुण यायला दोन-तीन महिने लागतात. पुढे हलका ताण, हलके वजन. मात्र सांध्याला सूज, ताप किंवा वजनात घट दिसली, तर आधी डॉक्टर गाठावा.

बाई आता पहाटे वाघेश्वराच्या देवळापर्यंत चालत जातात आणि परततात. दुखणे गेलेले नाही. झोप लागते, असे म्हणतात. मी त्यांची क्षमा मागितली, तेव्हा त्यांनी चहा केला आणि विषय बदलला.

त्या गोदामात आम्ही दोन मागण्या ठेवल्या: बसायला स्टूल, आणि दर दोन तासांनी दहा मिनिटे. स्टुले आली आहेत. दहा मिनिटांची बोलणी चालू आहेत.