डलहौसीचा किताब आणि साताऱ्याची गादी

लॉर्ड डलहौसीचं नाव आपण शाळेपासून ऐकतो, पण हा लॉर्ड नेमका कितव्या पायरीवरचा, हे कोणी विचारत नाही. विलायतेत सरदारकीच्या पायऱ्या पाच. सर्वांत वर ड्यूक, मग मार्क्विस, अर्ल, व्हायकाउंट आणि शेवटी बॅरन. ड्यूक सोडला तर बाकी चौघांनाही बोलताना ‘लॉर्ड’च म्हणतात, म्हणून आपला घोळ होतो. ‘सर’ या पाचांत बसतच नाही. असईला १८०३ साली शिंदे-भोसल्यांना हरवणारा आर्थर वेलस्ली तेव्हा नुसता मेजर जनरल होता. १८०९ ला तो व्हायकाउंट झाला, १८१२ या एकाच वर्षात अर्ल आणि मार्क्विस, आणि १८१४ ला ड्यूक ऑफ वेलिंग्टन!

आता साताऱ्याला चला. ५ एप्रिल १८४८. छत्रपती शहाजी ऊर्फ अप्पासाहेबांनी मृत्युशय्येवर दत्तक घेतला आणि देह ठेवला. रेसिडेंट बार्टल फ्रिअर, ज्याला तेव्हा कसलाच किताब नव्हता, दत्तकाच्या बाजूचा. मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांचंही मत तेच. ते गेले, व्हायकाउंट फॉकलंड आले, आणि मुंबईचं मत फिरलं. कलकत्त्यात गव्हर्नर जनरल म्हणून बसले होते अर्ल डलहौसी, वय छत्तीसच्या आतबाहेर. पायरी चढत जावी तसा साताऱ्याचा कैवार कमी होत गेला. हा योगायोग असेल, पण मला तो सांगितल्याशिवाय राहवत नाही.

१८१९ च्या तहात इंग्रजांनी हे राज्य साताऱ्याच्या महाराजांच्या वारसांना आणि उत्तराधिकाऱ्यांना दिलेलं. दत्तक पुत्र वारस, यात आपल्या धर्मशास्त्राला शंका नाही. डलहौसी म्हणाला, खासगी मालमत्ता दत्तकाला मिळेल, राज्य मिळणार नाही. लोभ होताच, तो लपत नाही. पण त्याच्या घरचा रिवाजही पाहा. सरदारकी सहसा औरस पुरुष वंशजालाच मिळते. दत्तकाला आजही नाही. इंग्लंडात तर दत्तकाचा कायदाच १९२६ साली झाला. स्वतःच्या किताबाचं माप त्याने आपल्या गादीला लावलं.

सातारा खालसा झाला. पंजाब घेतल्यावर, १८४९ साली, डलहौसी मार्क्विस झाला. १८६० साली वारला तेव्हा त्याला दोन मुली होत्या, मुलगा नव्हता. अर्लपद चुलत घराण्यात गेलं. मार्क्विसपद मात्र त्याच्याबरोबरच संपलं. म्हणजे त्याच्याच न्यायाने तेही खालसा!

त्याच्यानंतरच्या कॅनिंगने १८६२ साली संस्थानिकांना दत्तकाच्या सनदा दिल्या. त्याच वर्षी तो निपुत्रिक वारला, आणि त्याचेही किताब बुडाले.

आणि आपली सांगली? चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन १९०३ साली दत्तक म्हणूनच गादीवर आले आणि संस्थान विलीन होईपर्यंत राजे राहिले. इंग्रजांनी त्यांना पुढे ‘सर’ केलं. तो किताब मात्र औरस मुलालाही मिळत नाही.